डेमी शीटवरची तांबट आळी

उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला असताना मी कसबा पेठेतल्या तांबट आळीवर एक चित्रपुस्तक स्वतः काढलं. ३२ पृष्ठं, दोन रंग, हातकागदाचं मुखपृष्ठ, ३०० प्रती. आता कॉलेजातली मुलं भेटली की विचारतात, प्रकाशक कसा मिळाला, खर्च कसा जमवला, कल्पना कुठून सुचली. प्रकाशक मी शोधलाच नाही. खर्चाचं पुढे सांगते. कल्पनेबद्दल मात्र सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण या पुस्तकातल्या ज्या गोष्टी लोकांना आवडतात, त्यातल्या बऱ्याच मला छापखान्यात उभं असताना सुचल्या.

तांबट आळीत मी स्केचिंगला जात होते ती मठारकामासाठी. त्वष्टा कासार समाजाची ही जुनी वस्ती. तांब्याचा पत्रा घडवून त्याचा बंब, घंगाळ किंवा हंडा झाला की त्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाशेजारी एक ठोके देत जातात. त्यातून जी बारीक गोल खळग्यांची नक्षी उठते, ती मठार. ती नुसती शोभेची नसते. ठोक्यांनी तांबं कडक होतं आणि भांडं सहज चेपत नाही. रूप आणि उपयोग एकाच ठोक्यात साधलेले पाहून मी तिथे रमले. शिवाय तिथला आवाज. दोन-तीन जण वेगवेगळ्या भांड्यांवर काम करत असले की ठोक्यांची एक लय लागते, मध्येच तुटते, पुन्हा लागते. हे कागदावर कसं आणायचं, ते मला बरेच दिवस उमगत नव्हतं.

स्वतः पुस्तक काढायचं धाडस आलं ते मराठीतल्याच माणसांमुळे. पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकांत कवी-लेखकांनी सायक्लोस्टाइल करून, पदरचे पैसे घालून अनियतकालिकं काढली, हे आपण ऐकलेलं असतं. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी त्यात लक्ष द्यावं असं नाव अरुण कोलटकरांचं. ते जे. जे.मध्ये शिकलेले, जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेले डिझायनर. १९७६ साली त्यांचं ‘जेजुरी’ हे इंग्रजी कवितांचं पुस्तक क्लिअरिंग हाउसने काढलं, आणि ते प्रकाशन म्हणजे त्यांच्यासकट चार कवींनी मिळून चालवलेला उद्योग होता. त्या पुस्तकांची मुखपृष्ठं कोलटकरांनीच केली. मराठी कविता अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाकडून आली. लिहिणारा, रचणारा आणि छापून घेणारा एकमेकांच्या इतके जवळ असले की पुस्तकाला वेगळाच घाट येतो, असं मला ती पुस्तकं हाताळताना प्रकर्षाने वाटलं. आणि पुण्याला हे नवीन नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली इथेच चित्रशाळा हा छापखाना सुरू केला आणि शिळाप्रेसवर छापलेली चित्रं घरोघरी भिंतींवर गेली.

मग मी नारायण पेठेतला एक छोटा ऑफसेट छापखाना गाठला. मालक साठीच्या पुढचे. मी स्केचबुक उघडणार तोच म्हणाले, “चित्रं नंतर बघू गं. साइज काय, पृष्ठं किती, रंग किती, ते आधी सांग.” मी म्हटलं, “काका, साइज अजून ठरली नाहीये.” त्यांनी एक डेमी शीट माझ्यासमोर टाकली आणि म्हणाले, “मग हिच्यापासून सुरुवात कर.”

डेमी शीट साधारण १८ बाय २३ इंचांची. तिला तीन घड्या घातल्या की आठ पानं होतात, म्हणजे १६ पृष्ठांचा एक फर्मा, साडेपाच बाय साडेआठ इंचांचा. आपली असंख्य मराठी पुस्तकं याच मापाची आहेत, कारण त्यात कागद वाया जात नाही. कॉलेजात आम्ही हौसेने चौकोनी पुस्तकं डिझाइन करतो. चौकोनी पुस्तक काढूच नये असं नाही, पण प्रत्येक शीटची केवढी पट्टी कटिंगमध्ये जाते आणि तिचेही पैसे आपणच भरतो, हे एकदा डोळ्यांनी बघावं आणि मग ठरवावं. मी १/८ डेमी घेतली. दोन फर्मे, ३२ पृष्ठं.

आता पुढचं नीट वाचा, कारण माझं सगळं पुस्तक यातून उभं राहिलं. एक कोरा कागद घ्या, त्याला तीन घड्या घाला आणि न कापता कोपऱ्यांत पृष्ठांचे आकडे लिहा, १ ते १६. मग कागद उलगडा. एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ येतात. दुसऱ्या बाजूला २, ३, ६, ७, १०, ११, १४, १५. काही आकडे उलटे, काही सुलटे. ऑफसेटमध्ये शीटच्या प्रत्येक बाजूला प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट, म्हणजे छापायचा पत्रा, लागते. चार रंगांत दोन्ही बाजू छापायच्या तर दोन फर्म्यांना १६ प्लेटा. दोन रंगांत ८. काकांनी पेन्सिलने हिशेब मांडला आणि सहज म्हणाले, “दुसरा रंग एकाच बाजूला ठेवलास तर सहा प्लेटांत भागेल.”

मी घरी येऊन डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, केली आणि रंगाच्या बाजूची पृष्ठं रंगवून पाहिली. पुस्तक उघडल्यावर समोरासमोर येणाऱ्या जोड्यांत २-३ नुसती काळी, ४-५ रंगीत, ६-७ काळी, ८-९ रंगीत, आणि असंच शेवटपर्यंत. एकाआड एक. ठोका, मोकळी जागा, ठोका. जी लय मी चित्रांत शोधत होते, ती पुस्तकाच्या घडीत आयती हजर होती. मग मी चित्रांचा क्रमच बदलला. काळ्या जोड्यांवर माणसं, हत्यारं, भट्टी, अरुंद बोळ. रंगीत जोड्यांवर फक्त भांडं आणि त्यावर पडणारा ठोका. मधल्या १६-१७वर, जिथे पुस्तक सपाट उघडतं, तिथे पानभर मठार, बाकी काही नाही. ही रचना मला नुसत्या स्क्रीनसमोर बसून कधीही सुचली नसती, एवढं मी खात्रीने सांगते.

रंगाचंही तसंच झालं. तांबं म्हटल्यावर माझ्या डोक्यात चकाकणारी शाई होती. पँटोन या शायांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत ८७६ हा ताम्रवर्णी धातूचा रंग आहेही. पण मला कागद हवा होता नॅचरल शेडचा मॅपलिथो, १०० जीएसएम, आणि अशा कोटिंग नसलेल्या कागदात धातूची शाई मुरते, चमक जवळजवळ नाहीशी होते. म्हणून मी चमकेचा नाद सोडला आणि विटकरी-नारिंगी साधी शाई घेतली. शेडकार्ड बघताना कोटेड कागदाचं आणि साध्या कागदाचं अशी दोन वेगळी पुस्तकं असतात. आपला कागद कुठला, ते बघूनच पुस्तक उघडायचं. शेवटी मशीनवर काकांच्या कामगाराने दोन शाया सुरीने फरशीवर घोटल्या, बोटाने कागदावर टिपल्या आणि मला उन्हात नेऊन दाखवलं. ट्यूबलाइटखाली तो रंग वेगळाच दिसत होता.

दोन रंगांत तिसरा फुकट मिळतो. काळं नारिंगीवर चढवलं की नुसत्या काळ्यापेक्षा खोल, ऊबदार काळा येतो. नारिंगीचा ३० टक्के टिंट घेतला, म्हणजे तीच शाई विरळ ठिपक्यांत छापली, की फिकी सावली मिळते. फाइल करताना दुसरा रंग मी मजेंटाच्या, म्हणजे छपाईच्या नेहमीच्या चार रंगांतल्या गुलाबीच्या, चॅनेलमध्ये ठेवला आणि छापताना त्या प्लेटला आमची नारिंगी शाई लावली. छोट्या छापखान्यांत ही रीत सर्रास चालते, फक्त ऑर्डरवर ठळक अक्षरांत लिहून द्यायचं. आणखी एक. छोट्या मशीनवर दोन रंग केसभर इकडेतिकडे होणारच. म्हणून मी रंगाचे भाग रेषेच्या आत काटेकोर भरले नाहीत. ते रेषेपासून मोकळे, थोडे सरकलेलेच काढले, त्यामुळे मशीनवर जे सरकलं ते चित्रात सामावलं.

मजकूर थोडा होता, पण अक्षरांवर मी बराच वेळ दिला आणि तो द्यायलाच हवा. मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात, आणि कित्येक देवनागरी फाँटांत मुळात हिंदी वळण येतं. मी मजकुराला तिरो देवनागरी मराठी हा फाँट घेतला. त्यात मराठी वळण आधीपासूनच आहे आणि तो मोफत, खुल्या परवान्याचा आहे. चित्रांखालच्या बारीक ओळींसाठी ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता. इनडिझाइन या पानं रचायच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्या जुळवणारा वर्ल्ड रेडी कंपोझर चालू नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात, ते पहिल्यांदा तपासा. ‘कामकऱ्यांच्या’, ‘तऱ्हा’ असे शब्द मुद्दाम मोठे करून बघा, तिथला अर्धा र नीट आला तर बाकीचं बहुधा नीट असतं. बऱ्याच डीटीपी सेंटरांत अजून युनिकोडपूर्व फाँटांत काम चालतं, म्हणून त्यांच्याकडे उघडी फाइल न देता अक्षरांचे आउटलाइन, म्हणजे नुसते आकार, केलेली पीडीएफ द्यावी. आणि काळा मजकूर शंभर टक्के काळ्यातच आहे ना, हेही तपासा.

मुखपृष्ठासाठी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून कागद आणला. चेन्नईचं तारा बुक्स हातकागदावर हाताने स्क्रीन प्रिंटिंग करून अख्खी पुस्तकं काढतं. त्यातलं एक मी लायब्ररीत पाहिलं होतं आणि शाईचा तो उंचवटा बोटांना अजून आठवतो. अख्खं पुस्तक तसं करणं माझ्या आवाक्यात नव्हतं, मुखपृष्ठ होतं. लग्नपत्रिकांचं स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्या एका दादांकडे गेले. त्यांनी पाहिल्या पाहिल्या सांगितलं, “ताई, या कागदाला अंग आहे. बारीक रेघ तुटणार.” त्यामुळे मुखपृष्ठावरचं नाव जाड ब्रशने पुन्हा लिहिलं, मठाराचे ठिपके मोठे केले. बटर पेपरवर पॉझिटिव्ह, म्हणजे चित्राची काळी छाप, काढलं, त्यावरून जाळीची स्क्रीन एक्स्पोज झाली आणि लग्नसराई नसल्यामुळे काम पटकन हाती आलं. हातकागदाची जाडी शीटगणिक बदलते, म्हणून थोडे कागद जास्तीचे ठेवावे लागतात.

बाइंडिंग सेंटर पिनचं, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारून. घड्या घालणं आणि जुळणी बायंडरकडच्या मावशींनी केली. मला फक्त मुखपृष्ठाला आधी क्रीज, म्हणजे घडीची दाबरेघ, मारून घ्या एवढंच सांगावं लागलं, नाहीतर हातकागद घडीवर उकलतो.

आता पैसे. ऑफसेटमध्ये प्लेटा आणि मशीनची सेटिंग हा ठरलेला खर्च, तो १०० प्रतींना जेवढा तेवढाच ३००ला. प्रत वाढली की फक्त कागद, छपाई आणि बाइंडिंग वाढतं. त्यामुळे पन्नासेक प्रतीच हव्या असतील तर सरळ डिजिटल करावं. मी आपली जुनी मराठी वाट धरली, प्रकाशनपूर्व सवलत. छापायच्या आधी डमीचे फोटो दाखवून नातेवाईक, शिक्षक, मैत्रिणी, आळीतली दोन-तीन दुकानं यांच्याकडून आगाऊ नोंदणी घेतली. त्यातून कागद आणि प्लेटा निघाल्या. पुस्तकांच्या दुकानांना विक्रीवर कमिशन द्यावं लागतं, तेव्हा किंमत ठरवताना ते आधीच धरावं. छपाईच्या खर्चावर थोडी भर टाकून किंमत छापली तर दुकानात ठेवलेल्या प्रत्येक प्रतीमागे आपल्याच खिशातून जातं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, आपल्याकडे मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या संकेतस्थळावर लेखक-प्रकाशक म्हणून अर्ज करायचा. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून चित्रं चालू असतानाच करून टाका. मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता आत छापा. पुस्तक निघालं की १९५४च्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांच्या आत एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. मी हे काम फार आनंदाने केलं. तांबट आळीच्या बोळांची चित्रं देशाच्या चार टोकांना कपाटात जपून राहणार, हे मला कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठं वाटलं. बाहेरगावच्या प्रतींसाठी टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सेवा बघा. मे २०२५पासून सुरू आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर कर. पाकिटातल्या पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव लागतंच.

नियतकालिक काढायचं असेल तर नोंदणीचा व्याप वेगळा आहे. पहिल्या खेपेला एकटं पुस्तकच बरं.

सध्या मी आणि माझ्या मागच्या वर्गातले तिघं मिळून एकच शीट वाटून घ्यायच्या तयारीत आहोत. एका डेमीचे चार भाग केले तर प्रत्येकाला एका घडीची, चार पृष्ठांची पुस्तिका मिळते आणि प्लेटांचा खर्च चौघांत विभागतो. एकाला निळा हवाय, दुसरीला हिरवा, आणि दुसरा रंग चौघांना मिळून एकच परवडणार आहे. काकांनी शेडकार्ड आमच्याकडे देऊन ठेवलंय, शनिवारपर्यंत ठरवून सांगायचंय.