नऊ धोंडे

पाऊस ओसरायला लागला की माझा फोन वाजायला लागतो. माझी भाड्याची ट्रॅक्स गाडी आहे, बेळगावात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एका दिवसात किती धबधबे होतात हो?" जंगलात चालायचं किती, हे हजारात एखादा विचारतो. परत किती वाजता निघायचं, हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

गेल्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. कोल्हापूरचं एका ऑफिसातलं मंडळ होतं, अकरा जण. त्यांच्यातले एक साहेब पुढारी. त्यांनी व्हॉट्सॲपवर कागदाचा फोटो पाठवला. सकाळी गोकाक, लगेच गोडचिनमलकी, दुपारी वज्रपोहा, जाता जाता आंबोली. प्रत्येकापुढे "४५ मिनिटे" असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं.

मी फोन लावला. म्हटलं, "साहेब, गोकाक बेळगावच्या ईशान्येला, वज्रपोहा खानापूर तालुक्यात जांबोटीकडं, अन् आंबोली पार महाराष्ट्रात. तिन्हीची तोंडं तीन दिशेला." आंबोलीला उगम पावलेल्या हिरण्यकेशीचं पाणी घटप्रभेला मिळतं आणि मग गोकाकला खाली पडतं, हे खरं. पण पाण्याला कोल्हापूरला परत जायचं नसतं. शिवाय गोकाकला धबधबा आहे, १७० फुटांची उडी आहे, झुलता पूल आहे, जंगल नाही. तुम्हाला जंगल चालायचंय ना?

बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं: कणकुंबी, तिथून चालत एक धबधबा, आणि वेळ उरलाच तर रस्त्यालगतचे दोन. धबधब्याचं नाव मी इथं लिहीत नाही. एक रील फिरली की पुढच्या रविवारी तिथं चिप्सच्या पुड्या दिसतात. भर पावसात तिकडं बंदीच असते, म्हणून फॉरेस्टच्या ऑफिसात आधी जाऊन विचारून आलो होतो.

ऑक्टोबरातलं खरं कोडं पाऊस नाही, त्याची वेळ. जुलैत तो दिवसभर पडतो, कळतं तरी. हस्त लागलं की हत्तीचा पाऊस. सकाळी कडक ऊन, दुपारी अचानक गडगडाट. आणि कणकुंबीच्या वरच्या अंगाला सगळा जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे सपाट कातळ. चार महिने भिजून टच्च झालेला. वर पडलेलं पाणी मुरायला जागाच नाही, सरळ नाल्यात येतं. म्हणून माझा एकच नियम आहे, दुपारी एकच्या आत नाला ओलांडून अलीकडं यायचं. बाकी सगळं त्यावरून उलटं मोजायचं. साडेबाराला धबधबा सोडायचा, अकराला पोचायचं, नऊला चालायला लागायचं, म्हणजे बेळगाव सहाला सोडायचं.

निघालो सात वाजता. कोणाचा तरी चार्जर लॉजवर राहिला होता.

कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी पाचच मिनिटं थांबलो. मलप्रभा इथंच उगम पावते आणि सौंदत्तीकडं जाते. त्याच डोंगराच्या पलीकडं पडलेला थेंब मात्र म्हादईतून गोव्याला. हे मी सगळ्यांना सांगतो, कारण मला स्वतःला अजून त्याची गंमत वाटते. साहेबांनी घड्याळ बघितलं.

वाट दाखवायला गावातले मामा असतात. साठी कधीच ओलांडलीय, पायात प्लॅस्टिकची चप्पल, हातात कोयता, कानामागं अर्धी विडी. त्यांनी सगळ्यांच्या पायमोज्यांवर तंबाखूचं पाणी चोळायला लावलं. जळवांवर तोच उपाय. साहेबांनी त्यांचे आणलेले महागातले बूट दाखवले आणि नको म्हणाले.

नाल्यापाशी मामा थांबले. पाणी घोट्याएवढं, तळाची वाळू दिसत होती. मला म्हणाले, "धोंडं मोज."

"नऊ."

"ध्यानात ठेव."

पुढं अर्धा तास चाल. अंजनी, जांभूळ, मधे कारवीची दाट गर्दी, पायाखाली कुजलेल्या पानांचा थर. उन्हाचा कवडसासुद्धा खाली येत नव्हता. धबधबा आला तेव्हा बारा वाजले होते. तास मागं पडलो होतो, हे मला माहीत होतं. तिथंच फोटो काढून लगेच फिरवायला हवं होतं. पण माणसं अशी खुश होती, एक बाई पाण्याचे तुषार तोंडावर घेत डोळे मिटून नुसत्या उभ्या होत्या, मी कोणत्या तोंडाने चला म्हणणार? मामांनी दोनदा माझ्याकडं बघितलं. मी "अजून अर्धा तास" म्हणालो. ती चूक माझी, साहेबांची नाही.

परत फिरायला एक वाजून गेला. आमच्या डोक्यावर ऊनच होतं, पण वरच्या सड्याकडं ढग काळाकुट्ट. गडगडलं ते लांब कुठं तरी. आमच्यावर एक थेंब पडला नाही.

नाल्याच्या अलीकडं शंभर पावलांवर मामांनी हात वर केला. आवाज बदलला होता. सकाळी खळखळ होती, आता आतल्या आत घरघर. बघतो तर पाणी लाल, चहाच्या रंगाचं, त्यावर पानं अन् काटक्या गिरक्या घेत चाललेल्या. नऊपैकी तीन धोंडे दिसत होते. आमच्या डोळ्यांदेखत दोन झाले.

साहेब म्हणाले, "गुडघ्याएवढंच तर आहे. हात धरून साखळी करू."

मामा खाली टेकले आणि कानामागची विडी काढली. "पाणी लाल हाय तवर न्हाई. धोंडं वर आलं की जायाचं."

"किती वेळ?"

"ते पाण्याला इचारा."

साहेब तापले. पैसे दिलेत, अजून दोन धबधबे राहिलेत, असला कसला गाईड वगैरे. मी नाल्याच्या तोंडाला आडवा उभा राहिलो. तेवढ्यात एक मुलगी टेकायला दगडाकडं वळली आणि मामांनी तिची बॅग मागून धरली. दगडाशेजारच्या फांदीवर, तिच्या खांद्यापासून हातभर अंतरावर, चापडा होता, विषारी साप. हिरवट अंगावर तपकिरी ठिपके, तिकोनी डोकं, फांदीला दोन वेढे. शेवाळ म्हणून सहज खपला असता. मामांनी कोयता उचलला नाही. "बसलाय. आपण तिकडं बसू," एवढंच म्हणाले. त्यानंतर अकरा माणसं त्या चापड्याकडं बघत गप्प बसली. साहेबसुद्धा. त्याने जागा सोडली नाही, एकदा डोकं इंचभर वळवलं तेवढंच. मधेच वरून धनेश गेला, पंखांचा आवाज धापा टाकणाऱ्या इंजिनासारखा. सगळ्यांनी मान वर केली.

सव्वातीनला चार धोंडे. चारला सहा. नाल्याचं पाणी चढतं भराभर, उतरतंही तसंच, वर पुन्हा पाऊस नसला तर. पावणेपाचला तळाची वाळू पुसट दिसायला लागली. आठ धोंडे मोजले तेव्हा मामा उठले. नववा दिसलाच नाही. मामांनी आधी एकट्याने पलीकडं जाऊन येऊन खात्री केली, मग एकेकाला नेलं.

जांबोटीला भजी आणि चहा झाला तेव्हा अंधार पडला होता. हिशेब करताना साहेबांनी दोन धबधबे झाले नाहीत म्हणून पाचशे रुपये कापले. मी काही बोललो नाही, अर्धा तास माझ्या खात्यावर होताच. मामांचे पैसे मात्र पूर्ण दिले, आणि विडीचा एक बंडल वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी धुवायला काढली. पुढच्या सीटखालची मॅट उचलली तर खाली टपोऱ्या जांभळाएवढी फुगलेली जळू. त्या सीटवर साहेब बसले होते.