बाबांच्या नावावरचं कर्ज

आज सुट्टी टाकून दिवसभर बाबांच्याच कामात होते. ज्या माणसाने आयुष्यात हप्त्यावर साधा मिक्सर घेतला नाही त्याला चार दिवसांपासून वसुलीवाल्यांचे फोन, तेही एकेरीत बोलत. सिबिल रिपोर्ट काढला (वर्षातून एकदा फुकट मिळतो, कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही क्रेडिट ब्युरोंकडून वेगवेगळा, प्लीज काढून बघा) तर खरंच कुठल्यातरी लोन ॲपचं कर्ज, पॅन बाबांचं आणि मोबाईल नंबर भलत्याचाच!

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, ब्युरोकडे डिस्प्यूट टाकला, की हे कर्ज बाबांचं नाहीच. ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो मी सोडणार नाहीये.

पण डेटा गेला कुठून हे कोण सांगणार? गॅस, सिमकार्ड, लॉज, सोसायटी, सगळीकडे बाबांनी झेरॉक्स दिलेत, खाली सही करून. मघाशी झेरॉक्सच्या दुकानात गेले तर टेबलाखाली खोक्यात खराब निघालेल्या आधारच्या प्रती, फोटो, पत्ता, सगळं स्वच्छ वाचता येत होतं. खूप राग आला, लोकांची आयुष्यं आहेत हो ती.

घरी येऊन दोघांचं आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक केलं, मास्क्ड आधार डाउनलोड केलं, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. बाबा आत्ता चष्मा लावून उरलेल्या प्रत्येक झेरॉक्सवर तिरक्या दोन रेघा मारून मध्ये कारण आणि तारीख लिहीत बसलेत. जेवायला बोलावलं तरी उठत नाहीयेत.