पोच

पाकीट साधंच होतं, खाकी, वर निळ्या शाईत ‘मा. विभागप्रमुख’. जुलैतला मंगळवार, सकाळचे साडेनऊ. बाहेर इतका पाऊस की माझ्या खोलीतली ट्यूबलाइट लावूनही टेबलावरचं नीट दिसत नव्हतं. सरांनी पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं आणि म्हणाले, “मॅडम, आज मंजूर झाला तर बरं होईल.”

राजीनामा होता. चार ओळींचा, ‘वैयक्तिक कारणास्तव’.

सर आमच्या भूगोल विभागात 10 जूनला रुजू झाले होते. मूळचे परभणी जिल्ह्यातले. पीएच.डी. झाल्यावर सात वर्षं त्यांनी तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर (सीएचबी), काढली होती. सीएचबीवर काढलेली सात वर्षं म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. दरवर्षी नव्याने मुलाखत, मानधन कधी सहा महिन्यांनी, उन्हाळ्यात शून्य. त्यानंतर मिळालेली कायम जागा हा माणूस दीड महिन्यात सोडायला निघाला होता. मी म्हटलं, “बसा.” ते बसले नाहीत. नऊ पन्नासचा तास होता, तो घेऊन येतो म्हणाले. राजीनामा खिशात ठेवून आलेला माणूस तासाला मात्र वेळेवर निघाला, हे मला लागलं.

अकरापर्यंत सायन-कुर्ल्याच्या मध्ये रुळांवर पाणी आलं, मध्य आणि हार्बर बंद, मागोमाग पश्चिमही. मिलन सबवे, अंधेरी सबवे बुडालेले. दुपारी सुट्टी जाहीर झाली खरी, पण जायचं कुठे? विभागात मी, सर, शिपाई मामा आणि कर्जत, बदलापूर, विरारकडची अकरा मुलं असे अडकून पडलो. त्यामुळे एरवी ज्या बोलण्याला मी पंधरा मिनिटं दिली असती, त्याला त्या दिवशी अख्खी दुपार मिळाली.

मी विचारलं, “घरी काही अडचण?” ते म्हणाले, “घरी नाही मॅडम. इथंच. मला वाटलं होतं मला शिकवता येतं.” मग हळूहळू एकेक गोष्ट निघाली. पहिली पैशांची. एक जुलैला पगार झाला नाही. कुणी म्हणालं, नवीन माणसाला उशीर होतोच. कुर्ल्यात एका खोलीत ते कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त एका खाटेचं भाडं देऊन, राहत होते, सहा जणांत. बायको आणि तीन वर्षांची मुलगी गावी. मेव्हण्याकडून उसने घेतलेले चाळीस हजार संपत आले होते.

“रुजू अहवाल कुणाला दिला?”

“तुमच्याच टेबलावर ठेवला होता मॅडम. तुम्ही मीटिंगला होता.”

“पोच घेतली?”

“कशाची?”

मी खुर्ची मागे सारली आणि डाव्या हाताचा ट्रे उपसायला लागले. वर परीक्षा विभागाची पत्रं, खाली दोन जुनी अंदाजपत्रकं, त्याखाली ग्रंथालयाची पुस्तकयादी. आणि यादीला ओलीने चिकटलेला, कडेला पिवळा पडलेला तो रुजू अहवाल. सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र, नियुक्तीपत्राची प्रत, रद्द केलेला धनादेश. सगळं व्यवस्थित, टाचणी लावून. नव्हती ती फक्त माझी सही. बेचाळीस दिवस तो कागद माझ्या कोपरापासून हातभर अंतरावर पडून होता. आस्थापनेला, म्हणजे नोकरीच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, तो गेलाच नव्हता, म्हणजे सेवापुस्तक उघडलं नव्हतं, वेतननिश्चिती झाली नव्हती आणि पगारबिलात नाव चढायचा प्रश्नच नव्हता. एक ऑगस्टलाही पगार होणार नव्हता.

चूक माझी होती, आणि मी तसं सांगितलं. एकवीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला नव्या माणसापुढे हे म्हणताना जड जातं, पण म्हटलं. सर गडबडले, “नाही नाही, मीच विचारायला पाहिजे होतं.” कुठे विचारणार होते ते? आपण कुणी सांगितलं होतं का त्यांना की विद्यापीठात कागद माणसाच्या हातात द्यायचा नसतो, आवक-जावकला द्यायचा असतो? दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा, ती प्रत आपल्या फायलीत लावायची, आणि आठवड्याने त्या क्रमांकावरून भाऊसाहेबांना, म्हणजे तिथल्या कारकुनांना, विचारायचं. क्रमांक असला की भाऊसाहेब रजिस्टर उघडतात. नसला की ‘बघतो’ म्हणतात. दोष त्यांना देऊन उपयोग नाही, त्यांच्याकडे असे शेकडो कागद येतात.

मी सही केली, तारीख घातली. मामा छत्री घेऊन निघाले. आस्थापनेची इमारत समोरच, पण मधल्या रस्त्यावर गुडघाभर पाणी. मामांनी कागद प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून शर्टाच्या आत ठेवला आणि पँट वर दुमडून गेले. अडकलेले एक भाऊसाहेब तिथे होते. अर्ध्या तासाने मामा पोच घेऊन आले. शिक्क्याची शाई पसरली होती, पण क्रमांक वाचता येत होता. सरांनी ती प्रत किती वेळ हातात धरून ठेवली होती.

पगाराचं निस्तरलं, तरी ते पाकीट परत मागत नव्हते. तेव्हा मी वेळापत्रक काढलं.

इथे मला थोडं थांबून सांगायचंय, कारण बहुतेक नवी माणसं इथेच मोडतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन आहे, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला 14. आम्ही दोघांनी पेन्सिलने सरांचे तास मोजले. एकवीस. हवामानशास्त्र, संशोधन पद्धती, नकाशाशास्त्राची प्रात्यक्षिकं, जीआयएसची (संगणकावरच्या नकाशांची) प्रात्यक्षिकं, आणि कुणालाच नको असलेला एक पेपर. पाच वेगवेगळ्या तयाऱ्या. शिवाय नॅकच्या, म्हणजे विद्यापीठाच्या मूल्यांकनाच्या, एका निकषाची माहिती, परीक्षा समिती, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) आणि विभागाची वेबसाइट. ज्या जलविज्ञानात त्यांची पीएच.डी., तो पेपर मात्र त्यांच्याकडे नव्हता. तो वर्षानुवर्षं दुसऱ्यांकडे होता, आणि तसाच राहिला होता.

हे कुणी दुष्टपणाने केलं नव्हतं. एकेकाने येऊन “नवीन सर आहेत ना, करतील” म्हटलं आणि मी प्रत्येक वेळी मान डोलावली. सरांनीही प्रत्येक वेळी ‘हो’ म्हटलं, कारण परिविक्षेत (प्रोबेशनवर) ‘नाही’ म्हटलं तर नोकरी जाईल असं त्यांना वाटत होतं. परिविक्षा एक वर्षाची असते, फार तर आणखी एक वर्ष वाढते, आणि ती पूर्ण झाल्यापासून 45 दिवसांत कायम केल्याचा आदेश देणं विद्यापीठाला बंधनकारक आहे. हे त्यांना माहीतच नव्हतं. नव्या माणसाने ‘नाही’ म्हणायचं कसं, तेही मी त्या दुपारी सांगितलं: विभागप्रमुखाकडे जायचं, आपल्या कामांची यादी पुढे ठेवायची आणि विचारायचं, “हे नवं काम घेतो, यातलं कोणतं काढू?” नकार तोंडाने द्यावाच लागत नाही, यादी देते.

मी खोडरबर घेतला. एक पेपर काढला, एक प्रात्यक्षिक काढलं, वेबसाइट काढली, एनएसएस पुढच्या वर्षावर. सोळा झाले. जलविज्ञानाचं मात्र मला लगेच जमणार नव्हतं, ते मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

चार वाजता मामांनी हिटरवर चहा केला. कँटीनवाल्याने उरलेले वडे मुलांसाठी पाठवले होते. पाव संपला होता. मुलं मोठ्या वर्गात बसली होती, बदलापूरची एक मुलगी फोनमधलं आठ टक्के चार्जिंग वाचवत आईला फक्त मेसेज करत होती. सर चहाचा कप घेऊन तिकडे गेले. मी मुद्दाम मागे गेले नाही. थोड्या वेळाने आवाज वाढला तेव्हा दारात जाऊन उभी राहिले.

वर्गाबद्दलची त्यांची तक्रार मला तोवर कळली होती. दुसऱ्याच आठवड्यात बोलण्याच्या ओघात ते “मी काय सांगायलो” म्हणाले आणि मागचे बाक हसले. तेव्हापासून ते इंग्रजी टिपणं लिहून आणून वाचून दाखवत होते. ऐकणारी मुलं पालघर, कसारा, कर्जतकडून पहाटेची गाडी पकडून आलेली, अर्धी कुठेतरी अर्धवेळ कामाला. वाचून दाखवलेल्या तासाला ती झोपतात. झोपली की आपल्याला शिकवता येत नाही असं मास्तराला वाटतं.

एका मुलाने विचारलं होतं, सर, 26 जुलैसारखं होईल का आज? सरांनी फळ्यावर दोनच आकडे लिहिले होते: 944 आणि 73. 26 जुलै 2005 ला चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पडला, आणि वीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्यात 73. “एकच शहर,” सर म्हणाले, “एकच दिवस. कुलाब्याच्या माणसाला त्या दुपारी खरं वाटलं नसंल. आता 944 म्हणजे किती? आमच्या परभणीकडं वर्षभरात जेवढा पडतो, साधारण तेवढा. मी काय सांगायलो...”

मागून एक जण हसलाच. सर थांबले. मला वाटलं, गेलं. पण ते म्हणाले, “आमच्याकडं असंच बोलतेत. सांगायलो म्हणजे सांगतोय. लिहून घ्या पाहिजे तर,” आणि पुढे गेले. त्या मुलाला उठवून त्यांनी फळ्यावर मिठी काढायला लावली. त्याला जमेना. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून ती निघते, विमानतळाच्या कडेने वळते, कुर्ला, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) करत माहीमच्या खाडीला मिळते, जेमतेम अठरा किलोमीटर. ज्या नदीमुळे आपण अडकलोय ती कुठून येते हे त्या वर्गात फक्त कुर्ल्याच्या एका मुलीला सांगता आलं, कारण 2005 मध्ये तिच्या घरात ती नदी शिरली होती. तेव्हा ती दीड वर्षाची. आईने तिला पोटमाळ्यावर ठेवलं होतं. मग भरती असताना खाडी पाणी घेत का नाही, यावर तास दीड तास चालला. टिपण नव्हतं, इंग्रजी संज्ञा जिथे लागल्या तिथे फळ्यावर आल्या. मी दारातच उभी होते.

रात्री आम्ही घराचं बोललो. त्यावर माझं मत ठाम आहे: मुंबईत नव्या माणसाने पहिल्या महिन्यात घर घेऊच नये. अतिथीगृहात काही दिवस राहता येतं, अर्ज करावा लागतो (त्याचीही पोच घ्यावी). तेवढ्यात वेगवेगळ्या वेळी गाडीने ये-जा करून बघावी. भाडं कमी म्हणून लांब गेलात की रोजचे तीन तास गाडीत जातात आणि तयारी राहून जाते. घर घेताना लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेलाच हवा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल तर बँकेपासून गॅसपर्यंत सगळीकडे पत्त्याचा पुरावा अडतो. सरांनी हे वहीत लिहून घेतलं. कॅसचंही, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या योजनेचंही, सांगितलं: पीएच.डी. असल्यामुळे पहिला टप्पा चार वर्षांनी, पण प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, परीक्षेच्या कामाची पत्रं, व्याख्यानांची निमंत्रणं त्या-त्या दिवशी फायलीत लावली नाहीत तर चौथ्या वर्षी शोधत फिरावं लागतं.

साडेअकराला गाड्या सुरू झाल्याचं कळलं. मुलांना गट करून सोडलं, मुलींसोबत मामा स्टेशनपर्यंत गेले. सर पहाटेपर्यंत विभागातच थांबले, कुर्ल्याकडचं पाणी उतरलं नव्हतं. जाताना पाकीट मी टेबलावर त्यांच्या बाजूला सरकवलं. त्यांनी ते उचललं.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं नाही. वेळापत्रकात काढलेला पेपर ज्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे गेला, ते माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. जलविज्ञान सरांना मिळायला दोन वर्षं लागली. त्या वर्गात ते पुढेही अधूनमधून अडखळत, आणि एका बाकाने त्यांना ‘सांगायलो सर’ हे नाव पाडलं ते राहिलंच.

पगार ऑगस्टअखेरीस आला, पुरवणी बिलासह, जूनचे 21 दिवस धरून. सर पगारपत्रक घेऊन माझ्याकडे आले. समजून घ्यायचंय म्हणाले. आम्ही ओळ ओळ वाचली. मूळ वेतन 57,700, त्यावर महागाई भत्ता, घरभाडे. कपातीत मूळ आणि महागाईच्या 10 टक्के राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे. नामनिर्देशनाचा फॉर्म त्यांनी अजून भरला नव्हता, तो मी कपाटातून काढून दिला. त्यांनी तिथेच बसून बायकोचं आणि मुलीचं नाव लिहिलं. मुलीची जन्मतारीख लिहिताना एकदा फोन करून खात्री केली. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, व्यवसाय कर 200. मी म्हटलं, “वर्षाचे 2,500 होतात, म्हणून फेब्रुवारीत 300 कापतील, घाबरू नका.” सरांनी ते पगारपत्रकाच्या कडेला लिहून ठेवलं आणि फॉर्म घेऊन आवक-जावककडे गेले, दोन प्रती करून.