फक्कीने आखलेला रस्ता

आम्ही खडकीची मुलं. लष्कराच्या अभियंता दलाचं, म्हणजे बॉम्बे सॅपर्सचं सेंटर शेजारीच, गणवेशातली माणसं रोजच्या पाहण्यातली. पण सॅपर लढाईत नेमकं काय करतो, हे मला आठवीत कळलं. भूगोलाच्या सरांनी वर्ग मैदानावर नेला, खो-खोच्या फक्कीने नागमोडी रेघ ओढली आणि म्हणाले, "हा जम्मू-काश्मीरमधला नौशेरा-राजौरी रस्ता. एप्रिल 1948, पाकिस्तानशी पहिलं युद्ध." रेघेवर कडुनिंबाच्या फांद्या आडव्या टाकल्या, भोवती खडे पुरले. खडे म्हणजे सुरुंग.

सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे मूळचे कारवारकडचे. 1940 साली साधे सॅपर म्हणून भरती झालेले. अधिकारी होऊन त्यांना चार महिनेही झाले नव्हते. रणगाड्यांना वाट करून देणं हे त्यांच्या तुकडीचं काम. 8 एप्रिलला कामाला हात घालण्याआधीच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान गेले, पाच जखमी. त्या पाचांत राणेही. उरलेल्यांना गोळा करून ते कामाला लागले, ते रात्री दहापर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा हजर. पाइनची झाडं आडवी पाडून रस्ता अडवलेला. ती सुरुंगाने उडवली, तर तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पुढे रस्त्याखालची मोरी उद्ध्वस्त, आणि समोरून मशीनगन.

दहा तारखेला पहाटे पावणेपाचला सुरुवात. दुपारी दोनला रणगाडे राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोहोचले. तिथे राणे थांबले असते तर कुणी बोल लावला नसता. पण मागच्या रसदीच्या गाड्यांना रस्ता हवा होता, म्हणून ते अन्न-विश्रांतीविना रात्री नऊपर्यंत राबले. 12 एप्रिलला सैन्य राजौरीत शिरलं.

सरांनी आम्हाला गुडघ्यांवर बसवून ते खडे बोटांनी उकरायला लावले. दहा मिनिटांत गुडघे सोलवटले.

पुढे मी रस्त्यांच्याच कामात आयुष्य काढलं. घाटात दरड कोसळली की भर पावसात ती हटवताना ते तीनशे यार्ड म्हणजे किती, हे कळायचं. आमच्यावर तर कुणी गोळ्या झाडत नव्हतं. एका क्षणाचं धाडस मी समजू शकतो. जखमी अंगाने चार दिवस रोज पहाटे त्याच मृत्यूपाशी परत जाणं मला आजही पेलत नाही.

परमवीर चक्र हयातीत मिळालेले ते पहिले. 1994 साली पुण्यातच त्यांचं निधन झालं. एकाच शहरात असून मी त्यांना कधी भेटायला गेलो नाही, ही खंत आहे. सरांनी त्या दिवशी तास संपल्यावरही ती रेघ पुसू दिली नव्हती. मधल्या सुट्टीत आम्ही सगळे तिच्या कडेकडेने चालत होतो.