दुपट्याला काकवीचा वास

आमच्या लॅबमध्ये तान्ह्या मुलांची लघवी जीसी-एमएसवर, म्हणजे तिच्यातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर, तपासली जाते. सोबतच्या फॉर्मवर 'लक्षणं' हा रकाना बहुतेकदा कोरा असतो. कोल्हापूरकडच्या त्या फॉर्मवर फक्त 'सेप्सिस?' (रक्तातला जंतुसंसर्ग?) होतं. नऊ दिवसांचं बाळ.

बाटली उघडली आणि जळक्या साखरेचा वास आला. लगेच फोन लावला. तिथली डॉक्टर म्हणाली, "मॅडम, आजीपण म्हणत होत्या, दुपट्याला काकवीचा वास येतोय. पण आई मेथीचे लाडू खातेय ना." तर्क अगदीच चुकीचा नव्हता. मेथीत सोटोलोन हे वासाचं द्रव्य असतं आणि मेपल सिरप युरिन डिसीजमध्येही वास त्याचाच. या जन्मजात आजारात ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही अमिनो अ‍ॅसिडं शरीराला नीट मोडता येत नाहीत. पण मेथीने बाळ दूध सोडून मलूल पडत नाही, झटके येत नाहीत. आजीचं म्हणणं फॉर्मवर यायलाच हवं होतं. आई-वडील आतेमामे भावंडं, आणि आधीचं बाळही बाराव्या दिवशी 'जंतुसंसर्गाने' गेलेलं, हे मी विचारलं तेव्हा कळलं. डॉ. मेंकिस यांनी 1954 मध्ये हा आजार नोंदवला तोही एकाच घरातल्या चार भावंडांत.

डीएनपीएच हे कीटो अ‍ॅसिडं (त्या न मोडलेल्या अमिनो अ‍ॅसिडांचे अवशेष) दाखवणारं रसायन टाकताच लघवी पिवळट गढूळ झाली. पण साध्या कीटोननेही तसं होतं, म्हणून निकाल यंत्रावरच. आधी युरिएज या विकराने युरिया काढायचा, नाहीतर त्याच्या ढिगाऱ्याखाली बाकी सगळं झाकलं जातं. कीटो अ‍ॅसिडं टिकत नाहीत, ती हायड्रॉक्सिलअमीनने बांधून घ्यायची. मग नायट्रोजनखाली खडखडीत वाळवायचं. किंचित ओलावा राहिला तरी बीएसटीएफए, म्हणजे घटकांची यंत्रात वाफ व्हावी म्हणून लावायचं रसायन, वाया. कितीही घाई असली तरी ही पायरी मी कुणाला उरकू देत नाही. पडद्यावरच्या आलेखात 2-हायड्रॉक्सिआयसोव्हॅलेरिक अ‍ॅसिडचा सुळका उभा राहिला, सोबत ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिनची कीटो अ‍ॅसिडं. सहीसाठी न थांबता फोनवर सांगितलं. रक्तात या आजाराची खूण असलेलं अ‍ॅलोआयसोल्युसिनही सापडलं.

दूध थांबवलं, ग्लुकोज चढवलं, डायलिसिस केलं. बाळ ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन नसलेल्या पावडरवर घरी गेलं. मेंदूला किती इजा झाली ते वाढीतच दिसेल.

आईने विचारलं, "पहिलंही यानेच गेलं का?" शक्यता दाट आहे, पण त्या बाळाच्या रक्ताचा वाळका थेंबही कुणी कार्डावर ठेवला नव्हता. आता मी प्रत्येक वॉर्डला बजावते: मूल हातचं जातंय असं वाटलं तरी लघवी गोठवा, कार्डावर रक्त घ्या, आणि जमेल तर ग्लुकोज चढवण्याआधी. नंतर काही आजारांचे सुळके उतरून जातात.

आई-वडील दोघांचं रक्त जनुक तपासणीला गेलंय. प्रत्येक गरोदरपणात धोका 25 टक्के. पुढची वेळ येण्याआधी तो रिपोर्ट हातात हवा.