ब्राउझर बदलला आणि ओटीपीसाठी तीन दिवस पाखाडी चढलो

गेल्या महिन्यात ब्राउझर बदलला, फायरफॉक्स घेतला. डाउनलोड, इन्स्टॉल, बुकमार्क सगळं पंधरा मिनिटांत झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पुढचे तीन दिवस मात्र एका बँकेच्या साइटने खाल्ले, अजून आठवलं की डोकं तापतं.

बदलायचं कारण बाबा. जुन्या ब्राउझरमध्ये जाहिराती अडवायला यूब्लॉक ओरिजिन टाकलेलं होतं, अशा ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामचे, म्हणजे एक्स्टेन्शनचे, नियम बदलले आणि ते बंद पडलं. बाबा सकाळी पडवीत बसून लॅपटॉपवर पेपर वाचतात, त्या पानांवर जाहिरातींचा नुसता पूर. एक दिवस 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' असा लाल चौकोन आला आणि त्यातला नंबर बाबा लँडलाइनवरून लावत होते, मी तेवढ्यात बागेतून आलो म्हणून वाचलो. त्याच दुपारी ठरवलं. फायरफॉक्सने जाहिराती अडवायची जुनी पद्धतही चालू ठेवलीय म्हणून यूब्लॉक तिथे पूर्वीसारखं चालतं. क्रोम, एज, ऑपेरा सगळे क्रोमियम या एकाच मूळ सॉफ्टवेअरवर उभे आहेत, त्यामुळे त्यांच्यातल्या त्यांच्यात बदलून मला फार उपयोग नव्हता. मेनू मराठीत मिळतो, बाबांना तो लावून दिला.

आता बँक. आमचं घर गुहागर तालुक्यात, वाडी खाली दरीत, भिंती चिऱ्याच्या. फायबरचं नेट आहे, ते चांगलं चालतं, पण मोबाईलला रेंज शून्य. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून वर सड्यावर, कातळाच्या पठारावर, गेलं आणि गडग्याला टेकून उभं राहिलं की दोन काड्या येतात. वायफाय कॉलिंगचं कोणी सुचवेल, माझ्या जुन्या हँडसेटमध्ये तो पर्यायच नाही. इतकी वर्षं हे जाणवलं नाही कारण जुना ब्राउझर बँकेने ओळखून ठेवलेला, पासवर्ड टाकला की आत. नवीन ब्राउझरमध्ये बुकमार्क येतात, पासवर्ड आणता येतात, पण ती ओळख कुकीमध्ये, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीत, असते आणि ती जुन्यातच राहते. म्हणजे साइटच्या दृष्टीने मी नवीन माणूस, दे ओटीपी.

ओटीपी तीन मिनिटं चालतो. पाखाडी चढायलाच मला चार लागतात.

पहिल्यांदा वर पोचलो तेव्हा मेसेज आला, खाली आलो तर पान लॉगिनवर परत गेलेलं. मग मी आधीच वर जाऊन थांबलो, घरी लँडलाइनवर फोन केला आणि बाबांना पासवर्ड टाकायला सांगितला. मेसेज आला, "बाबा, चार, आठ, शून्य, लिहिलंत का?" फोन माजघरात, लॅपटॉप पडवीत, बाबा कागदावर आकडे लिहून बाहेर जाणार, टाकणार, परत येऊन मला सांगणार. वेळ संपली. पुढच्या वेळी एक आकडा चुकला, मग आणखी एकदा, आणि खातं चोवीस तासांसाठी लॉक. ऐन आंब्याच्या दिवसांत, पेटीवाल्याचे पैसे द्यायचे असताना! हेल्पलाइनवरची बाई म्हणाली, सर, नेटवर्क एरियात जा. अहो, मेलवर ओटीपी पाठवायची सोय का नाही ठेवत? कोकणात अशा किती वाड्या आहेत.

दुसऱ्या संध्याकाळी लॅपटॉप पिशवीत घालून सड्यावर गेलो, कातळावर बसलो, मोबाईलचा हॉटस्पॉट लावला आणि दोन मिनिटांत आत. 'हे डिव्हाइस लक्षात ठेवा' वर टिकही केली. इतका हलका झालो की तिथेच पेटीवाल्याचे पैसे पाठवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी घरी ब्राउझर उघडला तर परत ओटीपी! खूप शोधल्यावर सापडलं, एका व्हिडिओत बघून मी सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली 'बंद करताना कुकीज पुसा' हे चालू केलं होतं. रात्री ब्राउझर बंद केला की बँकेची ओळख पुसली जायची. ते चालू ठेवायचंच असेल तर तिथेच अपवादांची यादी असते, त्यात बँकेचा पत्ता घाला. मी सरळ बंदच केलं आणि परत एकदा सडा गाठला. तेव्हापासून त्रास नाही.

तुमच्याकडेही रेंजची बोंब असेल तर जिथे रेंज आहे तिथे बसूनच सगळ्या साइटवर एकदा लॉगिन करून घ्या, आणि तोवर जुना ब्राउझर काढू नका. मेलसाठी ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावा, त्याचा कोड मोबाईलमध्येच तयार होतो, रेंज लागत नाही. बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवलेत मी.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं, पासवर्ड आणण्यासाठी जुन्या ब्राउझरमधून सीएसव्ही फाइल, म्हणजे साध्या मजकुराची तक्त्यासारखी फाइल, काढावी लागली ना, त्यात सगळे पासवर्ड उघडे असतात, एक्सेलमध्ये कोणालाही वाचता येतात. माझी फाइल तीन दिवस डेस्कटॉपवर पडून होती. काम झाल्या झाल्या डिलीट करा आणि रिसायकल बिनमधूनही काढा.