कुंडीवरची चिठ्ठी

माझं पहिलं इंग्लिश लॅव्हेंडर बुडून मेलं. सकाळी मी पाणी घालायचे, संध्याकाळी सासूबाई, आणि तीन आठवडे दोघींनी एकमेकींना चकार शब्दाने विचारलं नाही. खालची पानं पिवळी पडली, मी थोडं जास्त घातलं. झाडाने मान टाकली, तेव्हा आईंनीही तेच केलं. शेवटी कुंडी उलटी केली तर मुळं काळी आणि गिळगिळीत, आणि वास असा की सुगंधी झाड म्हणायची लाज वाटावी.

गंमत अशी की तहानलेलं झाड आणि मुळं कुजलेलं झाड वरून सारखंच दिसतं. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून ओल्या मातीत उभं राहूनही झाड सुकत जातं. आणि सुकलेलं झाड दिसलं की हात झारीकडेच जातो.

नावात इंग्लिश असलं तरी हे झाड मूळचं भूमध्य समुद्राजवळच्या डोंगरउतारांवरचं. खडकाळ, चुनखडीची, उन्हाने तापणारी जमीन. शास्त्रीय नाव लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया, म्हणजे अरुंद पानांचं. त्या राखाडी पानांवरून बोट फिरवलं तर मखमल लागते. ती लव पानातलं पाणी उडू नये म्हणून आहे. म्हणजे थेंब थेंब सांभाळण्याची सगळी तयारी करून आलेलं झाड, आणि मी त्याला कंपोस्ट भरलेल्या प्लॅस्टिकच्या कुंडीत बसवून दोन वेळा आंघोळ घालत होते.

दुसऱ्या खेपेला मातीची कुंडी आणली, मुळांच्या गड्ड्यापेक्षा थोडीच मोठी. निम्मी माती, निम्मी जाडसर वाळू आणि बारीक खडी. शेणखत नाही. खत जास्त झालं की पानांचा नुसता पसारा वाढतो, दांडे लोळतात आणि फुलं कमी येतात. मातीचा सामू (पीएच) ६.५ ते ७.५ च्या आसपास असला की झाड खूश. ऊन मात्र रोज निदान सहा तास हवंच, त्याला पर्याय नाही. हिवाळ्यात थंडी मिळाली तर फुलोरा चांगला येतो. दमट, उकाड्याच्या हवेत हे झाड कुरकुरतंच, तिथे दातेरी पानांचं लॅव्हेंडर बरं. विकत घेताना ते तपासून घ्या, कारण लेबलवर नुसतं ‘लॅव्हेंडर’ लिहिलेलं असतं. दातेरी पानं, किंवा तुऱ्याच्या टोकाला सशाच्या कानांसारख्या पाकळ्या दिसल्या, तर ते इंग्लिश नव्हे. हिडकोट आणि मन्स्टेड या इंग्लिशमधल्या बुटक्या जाती, कुंडीला सोयीच्या. माझं हिडकोट आहे, गडद जांभळं.

बियांच्या वाटेला मी एकदाच गेले. ओलसर वाळूत मिसळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवायच्या, मग पेरायच्या, मग वाट बघत बसायचं. शिवाय रोपं एकसारखी निघतील याची खात्री नाही. त्यापेक्षा फुलं नसलेल्या फांदीचं आठ-दहा सेंटिमीटरचं कलम बरं. खालची पानं ओरबाडून काढायची आणि वाळूत खोचायचं. माझ्या पाचांपैकी तिघांना मुळं फुटली.

खरी भीती छाटणीची. पहिली दोन वर्षं मी प्रेमापोटी सिकेटर लावलाच नाही. तिसऱ्या वर्षी झाड मधोमध फाकलं, खाली लाकडाच्या उघड्या काटक्या आणि वर शेंड्यांना हिरवे झुपके. मग घाबरून एक बाजू पार बुंध्यापर्यंत कापली. ती बाजू पुन्हा फुटली नाही. जुन्या, पानं नसलेल्या लाकडातून याला सहसा कोंब येत नाहीत. आता फुलं सरली की हिरव्या भागाचा तिसरा हिस्सा काढते आणि लाकडाच्या वर थोडी पानं ठेवूनच थांबते. ती मेलेली बाजू अजून तशीच आहे, भिंतीकडे वळवून ठेवली आहे.

वाळवायला दांडे कापायचे तर तुऱ्यातली खालची दोन-चार फुलं उमलली की लगेच, दव सुकल्यावर. छोट्या जुड्या बांधून अंधाऱ्या, हवेशीर जागी उलट्या टांगायच्या. तेलाच्या बारीक ग्रंथी फुलाखालच्या निदलपुंजावर, म्हणजे पाकळ्यांना धरणाऱ्या छोट्या वाटीवर असतात, त्यामुळे पाकळ्या गळाल्या तरी वास राहतो. थोडे दांडे मी मुद्दाम झाडावर ठेवते. मधमाश्या आल्या की आई खुर्ची ओढून बसतात.

पाण्याचा प्रश्न मिटवायला मी कुंडीवर चिठ्ठी चिकटवली होती: ‘आधी मातीत बोट घालून बघा. दोन पेरं कोरडं असेल तरच पाणी.’ आईंना राग आला. “चिठ्ठ्या कसल्या लावतेस? तोंडाने सांगता येत नव्हतं?” त्यांचं बरोबरच होतं, पण चिठ्ठी मी काढली नाही. पुढच्या पावसात ती आपोआप विरघळून गेली. कुंडी मी वळचणीला सरकवली.

काल सकाळी पाहिलं तर मातीत बोटाचं एक भोक होतं. झारी कोरडीच होती.